पाऊस गेला, परडं माजलंय: हातपाय शाबूत ठेवून साफसफाई

रानमोडी:
सकाळपासून वाडीत चारी बाजूंनी ग्रासकटरची घरघर चाललीय, म्हणजे दसरा आला. दरवर्षीचे पट्टी बांधलेले अंगठे आठवले, म्हणून धागा. ज्याला जे ठाऊक ते लिहा.

सुरुवात कटरपासूनच. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं, गवताला पात्याची डावी बाजू लावायची. घड्याळातल्या बारा ते तीनमधला भाग चिऱ्याला नाहीतर खुंटाला टेकला की यंत्र हिसडा मारून उसळतं. गार्ड काढून ठेवू नका. 50 फुटांच्या आत माणूस, पोर, कुत्रं कुणी नको. नायलॉनची दोरी संपली की तार लावतात, तो तर आत्मघात. तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. गवत गुंडाळलं तर इंजिन बंद, प्लगची टोपी काढायची, मगच हात घालायचा.

चिंचबोर:
आणि चष्मा! नंबरचा नव्हे, बाजूनेही बंद असलेला. आमच्याकडे गॉगल फक्त लग्नात घालतात 😄

कातळकर:
गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) हाताने गवत उपटू नका. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, पाचोळ्याच्या रंगाचं, दिसतच नाही. अंग अंगावर घासून खसखस आवाज करतं, तो ऐकू आला तर जागीच थांबून आधी नजर फिरवा. गमबूट घाला. ओंडका उचलताना आपल्याकडची कड उचलू नका. पलीकडची कड आपल्या बाजूला ओढून उलटा, म्हणजे आत काही असलं तर ओंडका मध्ये राहतो.
चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-बांगडी-पैंजण लगेच काढा, सूज येते. हात किंवा पाय फळकुटाला बांधून हलू देऊ नका आणि 108. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही.

पाटपाणी:
विंचू राहिला की! लाल विंचू जास्त वाईट. घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर घरी थांबू नका. प्राझोसिन हे त्यावरचं औषध, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम. पण ते डॉक्टरच देतील, दुकानातून आणायचं नाही.

तिखटमीठ:
खाजकुयलीचं कुणी लिहिलंच नाही?? शेंगा वाळल्या की नुसत्या वाऱ्याने केस उडतात. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की आणखी रुतते. सेलोटेप लावून ओढून काढायची, मग पाणी. कपडे वेगळे धुवा.

न्यूजर्सीकर:
इकडे तिची चुलत बहीण पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं, कुंपणावर चढते. हात लागला तर लगेच साबणाने धुवायचं, हत्यारंसुद्धा. उपटून जाळायची तर मुळीच नाही, धूर छातीत जातो. गंमत म्हणजे ही आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातली. तिच्या अंगावरचं तेल आणि आंब्याचा चीक भाऊबंदच.

चिंचबोर:
म्हणजे चीक उतणाऱ्यांनी तिकडे जाऊच नये 🙈

रानमोडी:
@तिखटमीठ, बरं झालं आठवण केलीत ताई.

घळवाले काका:
उंचीवरचं लिहितो. शिडी 12 फूट टेकत असेल तर पाय भिंतीपासून 3 फुटांवर. जास्त उभी केली तर मागे पडते, जास्त तिरपी केली तर घसरते. आकडी ॲल्युमिनियमची असेल तर विजेच्या तारेखालचं झाड सोडून द्या. ओला बांबूही वीज वाहतो, त्यावर विसंबू नका. झावळी काढताना खाली कुणी उभं नको, नारळ विचारून पडत नाही.
कोयता धरलेल्या हातात सैल मोजा नको, मूठ सटकते. दुसऱ्या हातात मात्र हवा. बोथट कोयताच जास्त उसळतो, आधी धार लावा.

जांभाचिरा:
पाखाडीवरच्या (दगडी पायवाटेवरच्या) शेवाळाला ब्लीचिंग पावडर टाकतात, ठीक. पण तिच्यात संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. मला वाटतं सापापेक्षा शेवाळाने जास्त माणसं आडवी होतात.

पाटपाणी:
पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यात काम नको, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. नंतर ताप, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना चिखलाचं सांगा. घाणेरडी जखम असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला 5 वर्षं होऊन गेली असतील तर परत घ्यावं लागतं.

तिखटमीठ:
विषयांतर करते. कापलेल्या गवताचं काय करता सगळे? इथे गाई नाहीत.

कातळकर:
कलमांच्या आळ्यात आच्छादन. खोडापासून वीतभर लांब पसरा, नाहीतर वाळवी चढते. आणि ढीग घराला लागून नको, वर लिहिलेली सगळी मंडळी तिथेच राहायला येतात.

तिखटमीठ:
ढीग मागच्या दाराशीच आहे 😬 हलवते.

घळवाले काका:
काठीने आधी ढोसून. हाताने नको.