मोत माउलीच्या दर्शनाला वयस्कर आईला कधी न्यावे?

प्रश्न
आम्ही नाशिक रोडला राहतो. आई दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला न चुकता जाते, परंतु वांद्र्याच्या टेकडीवरील मारिया मातेचे, म्हणजे मोत माउलीचे, दर्शन तिला अजून घडलेले नाही. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिने नवस केला होता. तो फेडायला जत्रेत न्यावे की एरवी? पायऱ्या फार आहेत का?

उत्तर १
पायऱ्यांची चिंता करू नये, कारण गाडी थेट चर्चच्या दारापर्यंत जाते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरावे आणि तेथून टॅक्सीच करावी. लोकलसाठी पूल चढण्यात गुडघ्यांचे हाल होतात, आणि दादरला रिक्षा मिळत नाही, हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही.

८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन असून त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. त्या दिवसांत वाहनांवर निर्बंध असतात व रांगेत बराच वेळ उभे राहावे लागते, म्हणून आईंना जत्रेत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरनंतरचा एखादा साधा वार निवडावा.

चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घर, बाळ अशा आकृत्या मिळतात. ज्यासाठी नवस केला असेल ती आकृती मेणबत्तीसह अर्पण करतात. आईंसाठी मेणाचा पाय घ्यावा. आजची दगडी इमारत १९०४ सालची आहे, पण त्या जागेवरची भक्ती पोर्तुगीज काळापासूनची आहे. आत घाई न करता बसू द्यावे. दर्शन झाल्यावर रस्त्यापलीकडे असलेल्या फातिमा मातेच्या मूर्तीपाशी जावे. तेथे वर चढायला पायऱ्या आहेत. आईंनी खालूनच प्रार्थना केली तरी चालेल. तेथून समोर अरबी समुद्र दिसतो.

उत्तर २
वरील सल्ला व्यवहार्य आहे, तरी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ही माउली केवळ ख्रिस्ती भाविकांची नाही. कोळी कुटुंबे तिला आपलीच आई मानतात, आणि जत्रेत नटूनथटून आलेल्या कोळणी, हिंदू, पारशी असे सारे एकाच रांगेत उभे असलेले पाहताना मला सप्तशृंगीच्या चैत्रातील गर्दीची आठवण होते. आईंची प्रकृती साथ देत असेल, तर जत्रेच्या आठवड्यातील एखाद्या कामाच्या दिवशी भल्या सकाळी न्यावे; मात्र त्यासाठी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा लागेल. पहिला रविवार मात्र कटाक्षाने टाळावा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आईला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. कोळणींविषयी ऐकून तिला जत्रेचा मोह झाला, परंतु यंदा नोव्हेंबरमधील एखाद्या बुधवारी जायचे तिने स्वतःच ठरवले आहे. पाय चांगला राहिला तर पुढच्या सप्टेंबरला माझ्या मावशीलाही बरोबर न्यायचे, असे ती म्हणते.