उत्तर: प्लॉट सेव्ह केला की फाईल कोरी येते
मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची चार्ट काढायची लायब्ररी) शो (चार्ट दाखवायची कमांड) च्या आधी सेव्हफिग (चार्ट फाईलमध्ये सेव्ह करायची कमांड) लिहा म्हणजे फाईल कोरी येणार नाही, हे वरच्या उत्तरात एका दादांनी सांगितलेलं बरोबरच आहे, पण मराठी लेबलचा घोळ त्यानं सुटत नाही. मी मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या पावसाचा चार्ट मॅटप्लॉटलिबमधून पीएनजी (चित्राची फाईल) केला तर आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, कारण डिफॉल्ट फॉन्ट देजावू सान्समध्ये देवनागरी नाहीच, मग नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावला तर हिंगोलीची वेलांटी ह च्या उजवीकडं जाऊन बसली (व्हर्जन जुनंय माझं), लै डोकं खाल्लं राव. शेवटी आरसीपॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्ज) एसव्हीजी डॉट फॉन्टटाइपला 'नन' देऊन, म्हणजे अक्षरं मजकूर म्हणूनच ठेवून, एसव्हीजी (ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाईल) काढली, आता अक्षरं ब्राउझरच जुळवतो, फक्त उघडाल त्या मशीनवर फॉन्ट पाहिजे. आणि आडव्या अक्षावर उभं लिहिलेलं छत्रपती संभाजीनगर खालून कापलं जायचं, ते सेव्हफिगमध्ये बीबॉक्स इंचेस (किती भाग सेव्ह करायचा ते ठरवणारा पर्याय) 'टाइट' केल्यावर पूर्ण आलं.