कातकरी वाडीचा रेडिओ : आधी संस्था, मग डोंगर

दादा, वाडीतल्या चार पोरांच्या नावावर सामुदायिक रेडिओचा, म्हणजे गावाने गावासाठी चालवायच्या छोट्या केंद्राचा, परवाना मिळेल का, असं विचारलंत. नाही मिळणार. एकट्यादुकट्याला देतच नाहीत. ना-नफा संस्था लागते, तीही किमान 3 वर्षं जुनी. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे.

मला मात्र कागदांपेक्षा डोंगराची धास्ती जास्त. प्रभावी शक्तीची, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीची, मर्यादा साधारण 100 वॅट, अँटेना जमिनीपासून 30 मीटरपर्यंत. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात, म्हणजे आपल्या सुधागड तालुक्यात एका खोऱ्यातलं बोलणं पलीकडच्या वाडीत नुसतं खरखरणार. आधी उंच जागा शोधा, स्टुडिओचं रंगकाम नंतर!

बातम्या फक्त आकाशवाणीच्या, अर्थ न बदलता. हवामान, बाजारभाव, सणवार मात्र खुशाल सांगा, तेही कातकरी बोलीत.