मदत हवी आहे: बॅकअपची ड्राइव्ह खरोखर माउंट आहे हे स्क्रिप्टला खात्रीने कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांतली दशावतारी नाटकं आम्ही काही जण रेकॉर्ड करून जपतोय. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. फाईल गेली की त्या रात्रीचं बोलणं कायमचं गेलं. म्हणून लिनक्स मशीनवर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आरसिंक (फाईलींची नक्कल करणारी कमांड) चालतं आणि सगळं यूएसबी ड्राइव्हवर उतरतं.

पावसाळ्यात लाईट गेली-आली की कधी कधी ड्राइव्ह माउंटच होत नाही, म्हणजे तिच्यासाठीच्या फोल्डरला जोडलीच जात नाही. एफएसटॅबमध्ये (कोणती ड्राइव्ह कुठे माउंट करायची त्याची यादी) 'नोफेल', म्हणजे ड्राइव्ह नसली तरी पुढे जा, असं ठेवलंय, नाहीतर मशीन बूट होतानाच अडकतं. पण माउंटचं रिकामं फोल्डर जागेवर असतंच. आरसिंक बिनतक्रार त्यात, म्हणजे मूळ डिस्कवरच लिहितं आणि शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', असं परत देतं. नंतर ड्राइव्ह माउंट केली की ते सगळं तिच्याखाली झाकलं जातं. डीएफ (डिस्कवरची एकूण जागा दाखवणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली, डीयूला (फोल्डरनिहाय जागा मोजणारी) मात्र काही सापडत नाही.

आता स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' (फोल्डरवर काही माउंट आहे का हे तपासणारी कमांड) घातलंय. तरी एक प्रकार सुटतो. लाईट क्षणभर जाऊन आली की सिस्टिमने ड्राइव्हला दिलेलं नाव एसडीबीचं एसडीसी होतं, जुना माउंट तसाच लटकतो. माउंटपॉइंट 'आहे' म्हणतं, लिहायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर. मग भरवसा कशावर ठेवायचा?

प्रतिसाद:

तिथे काहीतरी माउंट आहे, एवढंच माउंटपॉइंट सांगतं. कोणती ड्राइव्ह आणि ती लिहून घेते का, हे वेगळं तपासावं लागतं. 'फाइंडएमएनटी -एन -ओ यूयूआयडी' ला फोल्डरचा पत्ता द्या आणि उत्तर तुमच्या ड्राइव्हच्या यूयूआयडीशी (न बदलणारा ओळख क्रमांक) ताडा. एसडीबी-एसडीसी ही नावं स्क्रिप्टमध्ये नकोतच. मग ड्राइव्हवर छोटी फाईल लिहा, सिंक करा (ती खरोखर ड्राइव्हवर उतरवा), पुसा. यातलं काहीही फसलं तर तिथेच एक्झिट १, म्हणजे चूक कळवून स्क्रिप्ट थांबवा. एरर आल्यावर ईएक्सटी४ (लिनक्सची फाईल सिस्टिम) बऱ्याचदा रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) होते, तेही यात पकडलं जातं.

त्याहून पक्का उपाय म्हणजे ड्राइव्ह काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) 'चॅटर +आय' लावा, म्हणजे ते बदलता न येणारं करा. त्यावर माउंट नेहमीसारखं होतं, पण ड्राइव्ह नसेल तर रूटलाही तिथे लिहिता येत नाही. तपासणी चुकून गळाली तरी आरसिंक एरर देऊन थांबेल.

आरसिंकला 'डिलीट' (मूळ जागी नसलेल्या फाईली बॅकअपमधूनही पुसणारा पर्याय) लावलंय का? असेल तर मूळ रेकॉर्डिंगचं फोल्डर रिकामं नाही ना, हेही आधी बघा. ते रिकामं दिसलं तर बॅकअपही पुसला जाईल.