गुडघे बदलल्यानंतर घरी काय काय केलंत? अनुभव लिहा

निशिगंध
काल आमच्या जिन्यात शेजारच्या काकू कठडा धरून उभ्या, मागे सून. आदल्या दिवशीच दवाखान्यातून आलेल्या. आधी कुठला पाय टाकायचा ते दोघींनाही आठवेना. मी दारातूनच ओरडले, "काकू, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा!" आणि आईच्या वेळचं सगळं एकदम आठवलं. म्हणून हा धागा.

आईचे दोन्ही गुडघे एकदम बदलले होते. ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभीही राहिली. सगळे म्हणाले, सुटलात! पण खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण मायेनं तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवायचा. बरं वाटतं ना तसं. फिजिओच्या ताई आल्या की आधी ती उशी काढायच्या. जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून त्यांनी टाचेखाली ठेवायला लावली, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो आणि स्वतःच्या वजनानेच सरळ होत जातो. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, पण आकडे ती मोठ्यानेच मोजायची. गुडघा किती वाकतो याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं. तो पूर्ण सरळ झाला नाही तर चाल कायमची लंगडी होते, हे कुणी फारसं बोलत नाही.

दुसरं म्हणजे दुखण्याची गोळी. "कशाला उगाच गोळ्या" म्हणून आई टाळायची आणि मग पायाला हात लावू द्यायची नाही. सर्जनना विचारून गोळीची वेळ व्यायामाच्या पाऊण तास आधी आणली आणि सगळंच सोपं झालं. व्यायाम करता यावा म्हणून गोळी घ्यायची असते, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

तुमच्याकडे काय उपयोगी पडलं ते लिहा. सुचेल तसं लिहा. काकूंच्या सुनेला धागा पाठवणार आहे.

रत्नांग्रीकर
घर! ऑपरेशनच्या आधी घर बघा. आमचं गावचं घर, संडास मागच्या पडवीपलीकडे, तोही उकिडवं बसायचा. बाबा ॲडमिट व्हायच्या आधी आत कमोड बसवून घेतला, शेजारी धरायला दांडा. पायपुसणी, सतरंज्या सगळ्या उचलल्या. पलंग बुटका होता, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे. पावसाळ्यात शक्यतो नकोच, अंगणात शेवाळ धरतं. आणि तारीख ठरली की सर्जनच्याही आधी गवंड्याला गाठा, तो जास्त बिझी असतो 😀

मोगरा७२
गवंड्याचं अगदी खरं 😂 आमच्याकडे शेवटी प्लंबरनेच दांडा ठोकला.

फिजिओताई
निशिगंध, टाचेखालची गुंडाळी वाचून फार बरं वाटलं. माझं रोजचं काम हेच. दोन पेशंटच्या मधे लिहितेय, तुटक वाटेल.

पहिल्या दिवसापासून घोटे वरखाली हलवत राहायचे, जागेपणी तासातासाला. पोटरीतलं रक्त फिरतं राहतं, गुठळीचा धोका कमी होतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या असतील तर एकही चुकवायची नाही. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, एकाच पायाला अचानक सूज आली, ठणका लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप, यातलं काही दिसलं तर मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक आणू नका, ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच दाखवा.

आता वाकवणं. खुर्चीत बसून, तळवा जमिनीवर टेकवून पाय हळूहळू मागे सरकवायचा. फरशी गुळगुळीत असेल तर पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, सरसर सरकते. दोन आठवड्यांच्या आसपास नव्वद अंशांपर्यंत आलं की माझा जीव भांड्यात पडतो. जिना उतरायला, खुर्चीतून उठायला त्याहून थोडं जास्त लागतं, ते पुढच्या आठवड्यांत येतं. काठीवर आलात की काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. हे नव्वद टक्के लोक उलटं करतात, मी रस्त्यात अनोळखी माणसांनाही थांबवून सांगते.

आलेच, पेशंट आला.

सदाफुली
ताई, पाय आपोआप वाकवणारं मशीन भाड्याने आणावं का? दुकानदार म्हणतो आणाच.

फिजिओताई
त्याला सीपीएम म्हणतात. त्यावर बराच अभ्यास झालाय, रोजच्या व्यायामात त्याची फार भर पडत नाही असंच दिसलंय. तेच पैसे फिजिओच्या घरच्या भेटींना लावा. मशीन पाय वाकवतं, पण मांडीत ताकद आणत नाही. ताकद आपणच आणायची.

विदर्भाचा_गडी
वाजपेयींचं आठवतं का कोणाला? २००० मध्ये एक गुडघा, २००१ मध्ये दुसरा, दोन्ही मुंबईत ब्रीच कँडीला. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. रोज पेपरात बातमी, आज पंतप्रधान किती चालले. आमची आजी तोवर म्हणायची गुडघे बदलणं म्हणजे अपंग होणं. ते पाहून म्हणाली, देश चालवणारा माणूस करतो तर मी का नको. पण तिला साखर होती आणि ती आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी थांबवलं होतं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) आठच्या खाली आणा, दात तपासून या, मगच तारीख देतो. तेव्हा राग आला होता. आता वाटतं त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

मोगरा७२
दात?? गुडघ्याला?

विदर्भाचा_गडी
हो. तोंडातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. आजीची एक दाढ आधी काढली.

चैत्रपालवी
सासूबाईंना रात्री झोपच नाही. दिवसा हसतात, सगळ्यांशी बोलतात, रात्री दोनला उठून बसतात आणि म्हणतात कशाला केलं हे. टाके निघाले, जखम छान आहे. मी एकटीच असते घरी. वाचतेय सगळ्यांचं.

निशिगंध
चैत्रपालवी, आईचंही अगदी हेच. दुसरा-तिसरा आठवडा फार वाईट जातो. दवाखान्यातलं कौतुक संपलेलं असतं, पाहुणे येईनासे होतात आणि ठणका तर आहेच. रात्री झोपायच्या आधी बर्फ लावत जा, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. रात्रीच्या गोळीचं सर्जनना फोन करून विचार. आणि तू जेवतेस ना वेळेवर? खरंच विचारतेय.

खारीबिस्कीट
पालवी, माझ्या आईला त्या दिवसांत तिच्याच वयाच्या, आधी ऑपरेशन झालेल्या एका बाईंना भेटायला नेलं. त्या चहा घेऊन स्वयंपाकघरातून चालत आल्या. आई त्यांच्या पायांकडेच बघत राहिली. डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते त्या चहाच्या ट्रेनं झालं. कुठे राहता? बघू कुणी जवळ आहे का.

चैत्रपालवी
डोंबिवली. थँक यू दोघींना. रडू आलं.

हिशोबी
खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर असा आकडा होता. त्याआधी त्याच सांध्याचे लाखाच्या वर लावत. आता पॅकेज घेताना सांध्याची किंमत वेगळी मागा, कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्या, खोक्यावरचे स्टिकर फाइलला लावलेले आहेत का बघा. पुढेमागे काही झालं तर तेच लागतात. आणि मुख्य म्हणजे पॅकेजमध्ये फिजिओ किती दिवस आहे ते विचारा. आमच्या वडिलांना एका मोठ्या रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा एक छापील कागद दिला, बस. पुढे कुणी विचारलं नाही. गुडघा सत्तर अंशांवर अडकला. शेवटी भूल देऊन वाकवून घ्यावा लागला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत केलं तर नीट होतं, नंतर अवघड जातं. लाखो रुपये मोजलेल्या माणसाला एक फोन करायला काय जातं? अजून संताप होतो.

रत्नांग्रीकर
बाप रे. आता कसे आहेत काका?

हिशोबी
आता उत्तम. सायकल मारतात घरातली, एका जागची. सुरुवातीला सीट उंच करून नुसतं अर्धं पुढे, अर्धं मागे करायचे. ज्या दिवशी पायडल पूर्ण फिरलं त्या दिवशी पेढे आणले होते त्यांनी.

न्यूजर्सीची_माहेरवाशीण
इकडे आता बऱ्याच जणांना त्याच दिवशी घरी सोडतात. सासरे सकाळी गेले, संध्याकाळी घरी. मी घाबरलेच होते. पण ऑपरेशनच्या आधी एक वर्ग असतो, घरच्यांनाही बोलावतात, वॉकर कसा धरायचा, गाडीत कसं बसायचं सगळं करून घेतात. मांडीचे व्यायाम आधीच महिनाभर सुरू. ताकद असलेला पाय ऑपरेशनला नेला की नंतर सोपं जातं. आपल्याकडे हे व्हायला हवं, त्याला मशीन काही लागत नाही. बाकी सासरे विमानतळावर दरवेळी टुंई वाजतात आणि अभिमानाने गुडघ्यावर हात ठेवतात 😄

खारीबिस्कीट
जखमेच्या बाहेरच्या बाजूला आईला स्पर्श कळत नाही, आणि चालताना आत टक् टक् वाजतं. आहे का कुणाला? आणि गरमही लागतो गुडघा.

फिजिओताई
परत आले. तिन्ही नेहमीच्या गोष्टी. काप देताना कातडीची बारीक नस तुटते, म्हणून तो भाग बधिर राहतो, काहींना कायमचा. टक् टक् धातू आणि प्लॅस्टिकची असते, दुखत नसेल तर सोडून द्या. ऊब आणि थोडी सूज काही महिने राहू शकते. पण बरी होत आलेली सूज पुन्हा वाढली, ताप आला, तर दाखवा.

सदाफुली
आईला मांडी घालून बसता येईल का पूजेला? तिचा पहिला प्रश्न हाच होता सर्जनना.

मोगरा७२
माझ्या आईने देव्हारा वर घेतला, टेबलावर. खुर्चीत बसून पूजा. आधी खूप हळहळली. पहिल्या गौरीला तर सवाष्णींनाही टेबलावर जेवायला बसवलं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या म्हणाल्या बरं झालं बाई, आमचेही गुडघे दुखतातच.

फिजिओताई
सदाफुली, काहींना जमतं, पण रोज जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं नकोच. सांध्यावर फार ताण येतो. सर्जन सांगतील तसं.

कढीपत्ता
डिंकाचे लाडू द्यायचे का? माझ्या मावशीने डबा भरून पाठवलाय, आईला मधुमेह आहे.

विदर्भाचा_गडी
डबा इकडे पाठवा, आम्ही आहोत 😋

खारीबिस्कीट
मधुमेहात नको, गूळ आणि तूप दोन्ही भरपूर असतं. जखम भरायला प्रथिनं लागतात. मूग, मटकीची उसळ, अंडी, मासे, ताक, पनीर. आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं, पाणी आणि भाज्या वाढवा. आईचे निम्मे हाल त्याचेच होते, लाजून सांगत नव्हती.

कढीपत्ता
हे कुणीच सांगितलं नव्हतं!! आजच विचारते आईला. डबा नाशिकला आहे गडी, या घेऊन जा.

रत्नांग्रीकर
बाबांकडून एक. दिवसातून एकदा लांब चालण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं चाला. एका रविवारी जोशात मंदिरापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी गुडघा फुगून भोपळा. नंतर अंगणातच फेऱ्या, हातात रेडिओ.

चैत्रपालवी
फोन केला सर्जनना. रात्रीची गोळी बदलून दिली. मोगरा, ती कमोडवर ठेवायची उंच सीट कुठे मिळते? सासूबाईंना उठताना फार त्रास होतो.

मोगरा७२
सर्जिकलच्या दुकानात मिळते. पण विकत घेऊ नकोस, आमच्याकडे पडून आहे, आईला आता लागत नाही. मी ठाण्यात. व्यनि (खाजगी निरोप) कर, शनिवारी भाऊ डोंबिवलीला येणार आहे, त्याच्याकडे देते.

चैत्रपालवी
केला व्यनि. दांडेवाली आहे का बिनदांड्याची?

मोगरा७२
दांडेवाली. मोजून सांग भांड्याची रुंदी, गोल आहे का लांबट तेही.