‘मूडी’ अल्बम : लहरी, उदास की कुंद?

इंडी पॉप (मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांबाहेर रुजलेले पॉप संगीत) अल्बमविषयी मराठीत लिहिताना ‘मूडी’ या इंग्रजी विशेषणासाठी ‘लहरी’ हा शब्द वापरलेला दिसतो, आणि तो मला प्रत्येक वेळी खटकतो. मूडी माणसाला लहरी म्हणणे योग्यच आहे, कारण त्याची मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नसतो; पण संगीत मूडी असते तेव्हा अर्थ जवळजवळ उलटा होतो. एक गाणे केवळ गिटारवर चालते, दुसऱ्याला सिंथेसायझर आणि नाचरा ठेका मिळतो, तिसऱ्यात गाणाऱ्याचा आवाज घुमत घुमत मागे सरतो, तरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच भाव दाटून राहिलेला असतो. बदलतो तो ढंग. ‘लहरी’ म्हटले की नेमके हेच निसटते.

‘उदास’ हा शब्द त्यामानाने जवळचा, परंतु अपुरा. अशा संगीतात हुरहुर असते, धुसफूस असते, कधी दबलेला आनंदही असतो. मला ‘कुंद’ हा शब्द सुचवावासा वाटतो. वारा पडलेल्या, ढगाळ हवेला आपण कुंद म्हणतो, आणि त्यात सुखदुःखाचा निवाडा केलेला नसतो. (जुन्या इंग्रजीत ‘मूडी’च्या पूर्वरूपाचा अर्थ ‘शूर’ असा होता, म्हणजे या शब्दाने मुळातच बरीच वळणे घेतली आहेत.) शैलीवैविध्यासाठी ‘विविधरंगी’ मात्र नको, कारण त्यात उत्सव डोकावतो, ‘बहुढंगी’ चालेल.

‘इंडी’साठी ‘स्वतंत्र’ हा पर्याय मूळ अर्थाला धरून आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाविना निघालेले संगीत, असा तो अर्थ. ब्रिटनमध्ये १९८०पासून अशा तबकड्यांची वेगळी खपयादीही प्रसिद्ध होऊ लागली. पुढे हा शब्द शैलीवाचक झाला आणि मोठ्या कंपनीने काढलेल्या अल्बमलाही लागू लागला, त्यामुळे तिथे ‘स्वतंत्र पॉप’ म्हणणे चुकीची माहिती देणे ठरेल. ‘इंडी’ तसाच ठेवावा, परंतु ‘इंडिपॉप’ असे जोडून लिहू नये, कारण तो शब्द १९९०च्या दशकातील भारतीय चित्रपटबाह्य पॉपगीतांसाठी रूढ आहे.

‘अल्बम’ला ‘गीतसंग्रह’ म्हणण्यासही माझी हरकत आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे, म्हणून अनेक तबकड्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या बांधणीत एकत्र विकल्या जात. १९४८मध्ये लाँग प्ले तबकडी आली, बांधणी गेली, नाव राहिले. ‘संग्रह’ म्हटल्यावर गाणी मागाहून गोळा केल्यासारखी वाटतात, तर कुंद अल्बममध्ये कोणत्या गाण्यानंतर कोणते यावे, हा क्रमही रचनेचाच भाग असतो.