मदत हवी आहे: सिडकोत आकाशवाणीवर दुसरंच स्टेशन चढतंय

मंडळी, आईला सकाळी आकाशवाणी नाशिक, १०१.४, लागतंच. हल्ली बातम्या चालू असतानाच भलत्याच स्टेशनची जाहिरात घुसते. खरखर नाही, स्वच्छ आवाज. रेडिओ ओट्यावर वीतभर सरकवला की पुन्हा बातम्या. एफएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर जोरकस तोच ऐकू येतो, त्यातला हा प्रकार, की जवळच्या तगड्या ट्रान्समीटरपुढे साधा रेडिओ गांगरतोय? मेन स्विच पाडून सेलवर लावला, तरी तेच. म्हणजे घरातले एलईडी दिवे, चार्जर यातून सुटले. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे कुणाला असं होतंय का? वेळ आणि स्टेशन कृपया लिहा. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे (रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) कुणी तक्रार केली असेल तर सोबत काय जोडलं, तेही सांगा. आईचा फार जीव आहे हो त्या बातम्यांवर.